सेवाग्रामचे वैद्यकीय शिक्षक आणि गावाचे आरोग्य : पन्नास वर्षांचा मागोवा

वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षक हवा असेल तर वर्तमानपत्रात जाहिरात येते. विषय, पदवी, अनुभव, वेतनश्रेणी असे सारे तिच्यात असते. उमेदवाराला खेड्यातल्या ओसरीवर बसता येते का, रोग्याबरोबर त्याच्या शेजाऱ्याचीही चौकशी करावीशी वाटते का, पाचशे घरांच्या वस्तीत कोण कशाने आजारी पडते याचा हिशेब वर्षानुवर्षे ठेवण्याचा धीर त्याच्यापाशी आहे का, हे मात्र जाहिरातीत कधी नसते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेला असेच शिक्षक हवे होते. १२ ऑगस्ट २०१९ रोजी संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण झाली. इमारती, विभाग आणि रुग्णालयाची वाढ यांचा इतिहास या स्मरणिकेत इतरत्र आहेच. इथे एकच धागा धरला आहे : रुग्णालयातल्या शिक्षकांना लोकसमूहाच्या आरोग्याच्या संशोधनाकडे या संस्थेने कसे वळवले, आणि असे वळलेल्यांच्या हातून काय घडले.

पूर्वपीठिका : १९३६ ते १९६८

गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. पुढे त्याच गावाचे सेवाग्राम झाले. हिवताप, हगवण, खरूज, कुष्ठरोग ही तेव्हाच्या विदर्भातल्या कोणत्याही खेड्याची दुखणी शेगावातही होती. स्वच्छता, आहार, पाणी, मैला यांचे आश्रमातले नियम या दुखण्यांना दिलेले उत्तर होते. कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींना गांधीजींनी आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हाताने त्यांचे अंग चोळले. ही गोष्ट आपण करुणेची म्हणून सांगतो. मला तीत आणखी काही दिसते. ज्या रोगाला समाज गावकुसाबाहेर टाकतो, त्याचा इलाज गावाच्या आत करता येतो, हे दाखवणारा तो प्रयोगही होता.

दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयात शिकलेल्या तरुण डॉक्टर सुशीला नायर १९३९ च्या सुमारास इथे आल्या. त्यांचे बंधू प्यारेलाल गांधीजींचे सचिव होते. सुशीलाबहेन आल्या आणि थोड्याच दिवसांत वर्ध्याच्या परिसरात कॉलऱ्याची साथ आली. ती निस्तरण्याचा भार जवळजवळ एकट्या त्यांच्यावर पडला. कॉलऱ्यात डॉक्टर रोग्याच्या खाटेजवळ थांबून राहिला तर साथ पुढच्या वस्तीत पोहोचलेली असते. विहीर पाहावी लागते, नाला पाहावा लागतो, आधी कोणाच्या घरी उलट्या सुरू झाल्या ते विचारत फिरावे लागते. या संस्थेच्या संस्थापिकेचे साथरोगशास्त्राचे शिक्षण पुस्तकाआधी गावातच सुरू झाले.

१९४२ च्या आंदोलनानंतर त्या पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी आणि कस्तुरबांसोबत नजरकैदेत होत्या. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा तिथेच गेल्या. सुटकेनंतर सुशीलाबहेनांनी सेवाग्रामात लहानसा दवाखाना काढला. रोग्यांची गर्दी एवढी झाली की आश्रमाची शांतता मोडू लागली. तेव्हा तो बिर्लांनी दिलेल्या अतिथिगृहात हलवला आणि १९४५ मध्ये स्त्रिया व मुलांसाठी कस्तुरबा रुग्णालय उभे राहिले.

गांधीजींच्या हत्येनंतर सुशीलाबहेन अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या आणि सार्वजनिक आरोग्यातल्या दोन पदव्या घेऊन १९५० मध्ये परतल्या. ही बाब आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. गांधीजींच्या डॉक्टर, देशाच्या आरोग्यमंत्री, ग्रामीण महाविद्यालयाच्या संस्थापिका अशी त्यांची ओळख करून दिली जाते. लोकसमूहाच्या आरोग्याचे शास्त्र त्या रीतसर शिकल्या होत्या हे त्यात मागे पडते. सेवाग्रामचे पुढचे बरेच निर्णय त्या शिक्षणाची आठवण ठेवली की नीट उलगडतात.

वर्ध्याची जमीनही अशा कामाला तयार होती. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठसेवेचे काम उभे केले होते. १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. डॉ. वर्देकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि घरीच उपचार या तीन पायांवर कुष्ठनियंत्रणाची पद्धत बसवली. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने तीच उचलली. रोगी दवाखान्यात येईपर्यंत थांबायचे नाही, गावातले प्रत्येक अंग पाहायचे, मोजायचे आणि नोंदवायचे, ही सवय वर्धा जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांना वैद्यकीय महाविद्यालय येण्याच्या दीड तप आधी लागली होती.

सुशीलाबहेन १९६२ ते १९६७ केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. खेड्यांना डॉक्टर मिळत नाहीत, तर डॉक्टर खेड्यातच का घडवू नयेत, या विचाराला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींचा पाठिंबा होता. १९६४ मध्ये कस्तुरबा हेल्थ सोसायटी स्थापन झाली. भोर समितीने १९४६ मध्येच प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचा विभाग असावा असे सुचवून ठेवले होते. देशात तसे विभाग निघालेही, पण बहुतेक ठिकाणी ते इमारतीच्या एका कोपऱ्यात राहिले. सेवाग्रामात तसे होऊ द्यायचे नाही हे पहिल्यापासून ठरलेले होते.

पहिले दशक : १९६९ ते १९७९

गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १२ ऑगस्ट १९६९ रोजी, साठ विद्यार्थ्यांची पहिली तुकडी घेऊन संस्था सुरू झाली. खर्चाचा निम्मा वाटा केंद्र सरकारचा, पाव महाराष्ट्र सरकारचा आणि पाव कस्तुरबा हेल्थ सोसायटीचा अशी व्यवस्था बसली.

विद्यार्थी मिळणे अवघड नव्हते. प्रश्न शिक्षकांचा होता. खादी, शाकाहार, सर्वधर्म प्रार्थना आणि श्रमदान हे इथल्या जीवनाचे नियम होते, आणि खाजगी प्रॅक्टिसला पूर्ण मनाई होती. नागपूर पाऊणशे किलोमीटरवर. सर्जन किंवा फिजिशियन म्हणून शहरात जे मिळाले असते त्याचा थोडासाच भाग पगार म्हणून हाती यायचा. मुलांची शाळा, जोडीदाराची नोकरी, घरच्या म्हाताऱ्यांचा दवाखाना अशा साध्या अडचणी होत्या आणि त्या साध्या असल्यामुळेच बोचणाऱ्या होत्या. काही जण आले आणि वर्षा-दोन वर्षांत परतले. राहिलेल्यांनी संस्था उभी केली, आणि परतलेल्यांनीही आपल्या वाट्याचे शिकवून ठेवले, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे.

प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तोंडचे ‘पीएसएम’, या विषयाला शिक्षक मिळवणे तर देशभर जिकिरीचे होते. हुशार मुलाने मेडिसिन किंवा सर्जरी घ्यावी, काहीच मिळाले नाही तर पीएसएम घ्यावे, अशी समजूत होती. अजूनही ती पुरती गेलेली नाही. एका विभागातल्या चार-पाच शिक्षकांच्या बळावर जिल्ह्याच्या आरोग्याचा अभ्यास होणार नव्हता. सेवाग्रामने यावर जो मार्ग काढला तो या संस्थेची सर्वांत मोठी देणगी आहे असे मला वाटते. गावाचे काम पीएसएमच्या पदरात टाकून इतरांना मोकळे ठेवले नाही. सगळ्या विभागांना गावात नेले.

निमित्त होते विद्यार्थ्यांचे शिबिर. प्रवेश घेतलेली तुकडी आधी पंधरा दिवस बापूंच्या आश्रमात राहते. पहाटेची प्रार्थना, सफाई, सूतकताई, स्वयंपाकघरातले काम. त्यानंतर प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि त्या गावात पंधरा दिवस मुक्काम करते. प्रत्येक विद्यार्थ्याला काही कुटुंबे वाटून दिली जातात. घरात किती माणसे, कोण काय खातो, पाणी कुठून येते, मूल कोणत्या वर्षी गेले, बाळंतपण कोणी केले, कर्ज किती, हे सारे तो लिहून घेतो. शिबिर संपले तरी नाते संपत नाही. पुढची काही वर्षे तो ठरलेल्या दिवशी त्याच घरी जात राहतो. बाईला ‘काकू’ म्हणू लागतो, आणि काकू त्याला ‘आमचा डॉक्टर’ म्हणू लागतात.

या शिबिरात शिक्षकही जातात. रक्त तपासायला पॅथॉलॉजीचे, विष्ठेत जंत पाहायला मायक्रोबायोलॉजीचे, गरोदर बायांना तपासायला स्त्रीरोगाचे, लहान मुलांचे वजन घ्यायला बालरोगाचे. रुग्णालयात आलेल्या एका फिकट बाईला लोहाच्या गोळ्या लिहून देणारा डॉक्टर गावाच्या मंडपात एका सकाळी शंभर बायांचे रक्त तपासतो. त्यांतल्या निम्म्याहून अधिक फिकट निघाल्या की त्याच्यापुढे वेगळाच प्रश्न उभा राहतो : हे असे का? असा प्रश्न एकदा पडला की तो माणूस लोकसमूहाच्या आरोग्याच्या संशोधनात आला म्हणून समजावे. या संस्थेची खरी भरती निवड समितीच्या खोलीत कमी आणि शिबिराच्या मंडपात जास्त झाली.

या काळात देशातही वारे त्याच दिशेने वाहत होते. १९७५ मध्ये श्रीवास्तव समितीने वैद्यकीय शिक्षण समाजाभिमुख करण्याचा आग्रह धरला. १९७७ मध्ये प्रत्येक महाविद्यालयाने तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांची जबाबदारी घ्यावी अशी केंद्राची योजना आली. अनेक ठिकाणी तिची फिरती वाहने आवारातच उभी राहिली. सेवाग्रामात गावी जाण्याची वहिवाट आधीच पडलेली होती, त्यामुळे इथे योजना लवकर रुळली.

दुसरे दशक : १९८० ते १९८९

या दशकाची ओळख ज्वारीने होते.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मेडिसिन विभागातले डॉ. उल्हास जाजू आणि त्यांचे सहकारी वर्ध्याच्या आसपासच्या गावांत जाऊ लागले. पीएसएमचे नव्हे, फिजिशियन. समाजाभिमुख डॉक्टरांच्या ‘मेडिको फ्रेंड सर्कल’ या चळवळीत वाढलेली ही पिढी होती. सुरुवातीला औषधांची पेटी घेऊन गावात दवाखाना भरवायचा असा साधा कार्यक्रम होता. गाव औषध घेत होते, पण गाव बदलत नव्हते. लोकांशी बोलल्यावर कळले की शेतकऱ्याला फुकटचा दवाखाना नको आहे. मध्यरात्री बायको अडली, पोराला साप चावला, तर दारात उभे करून न ठेवणारे रुग्णालय त्याला हवे आहे.

त्यातून ज्वारीच्या वर्गणीवरचा आरोग्य विमा जन्माला आला. सुगी झाली की प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त. गावातली किमान पंचाहत्तर टक्के घरे सामील झाली तरच योजना लागू. मग गावासाठी प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ता, ठरलेल्या दिवशी डॉक्टरची फेरी, आणि अचानक उद्भवलेल्या आजारात कस्तुरबा रुग्णालयात मोफत उपचार. आधीपासून माहीत असलेल्या खर्चाला, उदाहरणार्थ साध्या बाळंतपणाला, बिलाचा चौथा हिस्सा रोग्याने द्यायचा.

पंचाहत्तर टक्क्यांच्या अटीवर थोडे थांबायला हवे. ही अट विम्याच्या हिशेबातून आली, कारण फक्त आजारी माणसेच वर्गणी भरू लागली तर कोठार रिकामे होते. पण गावात तिचा परिणाम वेगळा झाला. चार मोठे शेतकरी सामील होऊन भागत नव्हते. टोकाच्या वस्तीतल्या मजुराच्या घरी जाऊन त्याचे पायलीभर धान्य मागावे लागे आणि ग्रामसभेत त्याच्या शेजारी बसावे लागे. एका फिजिशियनने वैद्यकाच्या चौकटीत राहून खेड्याच्या सामाजिक रचनेचा केलेला इतका बारकाईचा अभ्यास आपल्याकडे दुर्मीळ आहे. त्याचे निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकातही प्रसिद्ध झाले. खेड्यातल्या गरिबांसाठी आरोग्य विम्याच्या सरकारी योजना येण्याच्या कितीतरी आधी विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांनी हे करून दाखवले होते.

याच काळात जैवरसायनशास्त्र विभागात वेगळ्या वाटेने भरती झाली. डॉ. हरिनाथ आणि त्यांचे सहकारी हत्तीरोगाच्या मागे लागले. वर्ध्याच्या गावांत सुजलेले पाय हे रोजचे दृश्य होते. हत्तीरोगाचे जंतू रक्तात रात्री दिसतात, त्यामुळे गावाची पाहणी करायची तर लोक झोपायच्या वेळी दारे ठोठवावी लागत. दिवसा घेतलेल्या थेंबभर रक्तातून निदान करता यावे यासाठी प्रतिजन-प्रतिपिंडांवर आधारित चाचण्यांचे संशोधन इथल्या प्रयोगशाळेत झाले. पुढे जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्र उभे राहिले. प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञाला गावाने कामाला लावल्याचे हे उदाहरण विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे असे आहे.

रुग्णालयातल्या शिक्षकांना लोकसमूहाच्या आरोग्याकडे कसे वळवायचे, हा प्रश्न जगातही विचारला जात होता. १९८० मध्ये रॉकफेलर फाउंडेशनने एक जागतिक जाळे सुरू केले. फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ, शल्यचिकित्सक अशा रुग्णांत रमणाऱ्या शिक्षकांना वेचून घ्यायचे, वर्षभर साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकवायचे आणि पुन्हा त्यांच्याच महाविद्यालयात पाठवायचे, अशी त्यामागची कल्पना. वैद्यकीय महाविद्यालये आणि सार्वजनिक आरोग्याच्या शाळा वेगवेगळ्या झाल्याने दोहोंचेही नुकसान झाले, हे त्या प्रयत्नामागचे निदान होते. भारतातल्या अनेक महाविद्यालयांना त्याचा फायदा झाला. सेवाग्रामने हे निदान आपल्या परीने आधीच केले होते. मात्र प्रशिक्षणाची जी शिस्त त्या जाळ्याने आणली तिची इथे उणीव होती, आणि ती भरून निघायला आणखी पंधरा-वीस वर्षे गेली, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. इथल्या शिक्षकांपाशी प्रश्न भरपूर होते. नमुना किती घ्यावा, तुलनेचा गट कसा निवडावा, आकड्यांतून कारण कसे शोधावे, याचे रीतसर शिक्षण थोड्यांनाच मिळाले होते.

तिसरे दशक : १९९० ते १९९९

हे दशक घडी बसवण्याचे होते. पदव्युत्तर प्रवेशासाठी इथल्या पदवीधरांनी दोन वर्षे ग्रामीण भागात सेवा करावी असा नियम आला. नियमाच्या तपशिलावर, जागांवर, विभागांच्या अग्रक्रमावर मतभेद झाले. चार कर्तबगार माणसे एका छपराखाली काम करतात तिथे ते होणारच. संस्थेचे काम त्यामुळे थांबले नाही.

सामुदायिक वैद्यक विभागाने, म्हणजे पूर्वीच्या पीएसएमने, आंजीचे प्राथमिक आरोग्य केंद्र हे आपले क्षेत्र मानून तिथे मुक्कामी प्रशिक्षण बसवले. विभागाचे निवासी डॉक्टर तिथे राहू लागले, आणि प्रबंधांचे विषय ग्रंथालयाऐवजी बाह्यरुग्ण विभागाच्या ओसरीवरून येऊ लागले. सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने जिल्ह्यातल्या आदिवासी आणि बिगरआदिवासी लोकसंख्येत क्षयाची पाहणी केली. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या जागतिक पाहणीत पुढे भारतातल्या मोजक्या जिल्ह्यांत वर्ध्याचे नाव आले, ते याच प्रयोगशाळेच्या तयारीमुळे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या दोन महिन्यांच्या विद्यार्थी-संशोधन योजनेत इथली मुले उत्साहाने भाग घेऊ लागली. एका विद्यार्थ्याच्या मागे एक मार्गदर्शक लागतो. अनेक तरुण व्याख्याते विद्यार्थ्याच्या हट्टामुळे पहिल्यांदा संशोधनाचा आराखडा लिहायला बसले.

नव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुशीलाबहेन, म्हणजे इथल्या सर्वांच्या बडी बहेनजी, गेल्या. त्यांच्या वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावरही शिबिराची बारीकसारीक चौकशी त्यांच्याकडून होत असे.

चौथे दशक : २००० ते २००९

प्रशिक्षणाची उणीव या दशकात भरून निघाली. मेडिसिन विभागातले डॉ. एस. पी. कलंत्री आणि डॉ. रजनीश जोशी यांनी बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात साथरोगशास्त्राचे शिक्षण घेतले. दोघेही रुग्णालयात वाढलेले फिजिशियन. त्या वेळी बर्कलेतच असलेले डॉ. मधुकर पै आणि सेवाग्रामचे सहकारी यांनी मिळून एक साधा, पण आजवर टाळलेला प्रश्न विचारला : क्षयरोग्यांची सेवा करणाऱ्या आपल्याच माणसांत क्षयाचा संसर्ग किती?

रुग्णालयातल्या ७२६ जणांची तपासणी झाली. त्यांत वैद्यकीय आणि परिचर्येचे विद्यार्थी, परिचारिका, डॉक्टर, प्रयोगशाळेतले सेवक असे सगळे होते. कातडीवरची जुनी ट्यूबरक्युलिन चाचणी आणि रक्तावरची नवी इंटरफेरॉन चाचणी अशा दोन्ही केल्या. पहिलीत ४१ टक्के, दुसरीत ४० टक्के संसर्ग आढळला. दोन्हींपैकी एकीत तरी संसर्ग दिसणारे निम्मे होते. २००५ मध्ये हा अभ्यास अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या ‘जामा’ या नियतकालिकात आला. महागडी नवी चाचणी आणि स्वस्तातली जुनी चाचणी जवळपास सारखेच सांगतात, ही गोष्ट गरीब देशांसाठी मोलाची होती. या अभ्यासाची विशेष गोष्ट अशी की तो करणाऱ्यांनी आपल्या संस्थेच्या भिंतीआडचे दुखणे मोजून जगापुढे ठेवले. रुग्णालयही एक लोकवस्ती आहे आणि तिथल्या माणसांचेही आरोग्य मोजायचे असते, हे तेव्हा फार थोड्यांच्या ध्यानात आले होते.

दुसऱ्या टोकाला, २००३ ते २००८ या काळात सामुदायिक वैद्यक विभागाने डॉ. बी. एस. गर्ग यांच्या नेतृत्वाखाली आगाखान फाउंडेशनच्या सहकार्याने बालजीवितासाठी लोकांच्या पुढाकाराचा मोठा प्रकल्प चालवला. आंजी, गौळ आणि तळेगाव या तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रातली ६७ गावे त्यात होती. बायांचे बचत गट होतेच. बापई माणसे शेतीच्या गोष्टीला जमतात, आरोग्याच्या सभेला फिरकत नाहीत, हे ध्यानात आल्यावर ‘किसान विकास मंच’ निघाले. मुलींसाठी ‘किशोरी पंचायत’. गावाची समन्वय समिती आरोग्याचा आराखडा ठरवी आणि विभागाची माणसे तिला मदत करीत. महाविद्यालयाने सांगायचे आणि गावाने ऐकायचे, ही जुनी तऱ्हा इथे उलटी झाली.

किशोरी पंचायतीतल्या एका अभ्यासाचा उल्लेख करावासा वाटतो. आंजीच्या क्षेत्रातल्या गावांत मासिक पाळीच्या काळातली स्वच्छता हा विषय मुलींनीच पुढे केला. तोवर घराघरांत तो बोलायचाही नव्हता. शिक्षण आणि गटचर्चांनंतर तयार पॅड वापरणाऱ्या मुलींचे प्रमाण पाच टक्क्यांवरून पंचवीस टक्क्यांवर गेले, आणि तोच कपडा पुन्हापुन्हा वापरणाऱ्यांचे ८५ वरून ५७ टक्क्यांवर आले. हे आकडे गोळा करणारे तरुण शिक्षक आणि निवासी डॉक्टर बहुतेक पुरुष होते. मुलींशी बोलण्याचे काम गावातल्या कार्यकर्त्या ताईंनी केले. शोधनिबंधाच्या शीर्षाखाली त्या ताईंची नावे येत नाहीत. या संस्थेच्या पन्नास वर्षांच्या संशोधनाचा अर्धा भार अशा ताईंनी, वाहनचालकांनी, प्रयोगशाळा सेवकांनी आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी उचलला आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांचे ऋण मोठ्याने सांगायला हवे.

मेळघाटातल्या उतावलीचे डॉ. सुशीला नायर रुग्णालय हा गावाकडे जाण्याच्या कामाचाच विस्तार. स्त्रीरोग विभागाने कोरकू आदिवासी मातांच्या बाळंतपणाचे प्रश्न तिथे हाती घेतले.

पाचवे दशक : २०१० ते २०१९

या दशकाच्या आरंभी विदर्भाच्या नावाला शेतकरी आत्महत्या चिकटल्या होत्या. वृत्तपत्रांतून, विधानसभेतून, अर्थतज्ज्ञांच्या अहवालांतून कारणे सांगितली जात होती. सेवाग्रामचे डॉ. अमोल डोंगरे आणि डॉ. प्रदीप देशमुख यांनी ती शेतकऱ्यांनाच विचारली. पद्धत अशी की गावकऱ्यांनी मनात येतील ती कारणे एकेक सांगायची, त्यांची कार्डे करायची आणि मग लोकांनीच त्या कार्डांचे आपल्या समजुतीप्रमाणे ढीग लावायचे. कर्ज, व्यसन, पर्यावरणाचे प्रश्न, शेतमालाला मिळणारा पडेल भाव, ताण व घरच्या जबाबदाऱ्या, सरकारची अनास्था, सिंचनाचा अभाव, लागवडीचा वाढता खर्च, सावकार, रासायनिक खते, नापिकी अशी ती यादी होती. २०१२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. वैद्यकीय महाविद्यालयाच्या शिक्षकाने पिकाच्या भावाबद्दल लिहावे का, असे कोणी विचारू शकेल. माझे उत्तर स्पष्ट आहे : ज्या कारणाने माणूस जातो ते कारण वैद्यकाच्या बाहेरचे कसे?

डॉ. सुशीला नायर स्कूल ऑफ पब्लिक हेल्थच्या रूपाने सामुदायिक वैद्यकाच्या कामाला मोठी चौकट मिळाली. इथे घडलेले शिक्षक देशातल्या इतर महाविद्यालयांत आणि नव्या एम्समध्ये गेले. त्यांच्या जाण्याने जागा रिकाम्या होतात आणि पुन्हा माणसे शोधावी लागतात. तरी पन्नास वर्षांपूर्वी शिक्षक मिळवण्यासाठी धडपडणारी संस्था आज इतरांना शिक्षक पुरवते, याचा आनंद मोठा आहे.

एका गोष्टीबद्दल मात्र काळजी वाटते, आणि सुवर्णमहोत्सवातही ती बोलून दाखवली पाहिजे. पदोन्नतीसाठी शोधनिबंधांची अट वैद्यक परिषदेने घातली. हेतू चांगला होता. त्यामुळे संशोधन न करणारेही संशोधनाकडे वळले, पण निबंध मोजले जाऊ लागले आणि गावात घालवलेली वर्षे कोणी मोजत नाही. ज्वारीच्या योजनेसारखे काम सहा महिन्यांत निबंध देत नाही. पहिली दोन-तीन वर्षे गाव फक्त ओळख करून घेते. आज तरुण सहायक प्राध्यापकाला अशी ओळख होईपर्यंत थांबता येत नाही. बाह्यरुग्ण विभाग, तासिका, परीक्षा, निरीक्षणाची तयारी यांतून गावासाठी आठवड्यातला एक मोकळा दिवस काढणे हीच त्याची खरी अडचण आहे. संस्थेने हा दिवस त्याच्या वेळापत्रकात शाईने लिहून द्यावा आणि तो दिवस कोणी मागू नये, एवढी मागणी या लेखातून करतो.

गावेही बदलली आहेत. ज्वारीचा पेरा वर्ध्यात फार घटला आहे. कापूस, तूर, सोयाबीनने शेते व्यापली. गावात आता मधुमेह आणि रक्तदाबाची नोंद जंतांच्या नोंदीशेजारी करावी लागते. घरात मोबाइल असतो, शौचालय असते, पण मुलगा पुण्याला आणि म्हातारा एकटा ओसरीवर असतो. कुटुंबाची माहिती घेण्याच्या फॉर्मवर पूर्वी नसलेले रकाने वाढले आहेत.

दरवर्षी नवी तुकडी आश्रमातले पंधरा दिवस संपवून दत्तक घेतलेल्या गावी मुक्कामाला जाते. तिच्याबरोबर त्या वर्षी रुजू झालेले वेगवेगळ्या विभागांचे नवे शिक्षकही असतात. त्यांतल्या काहींनी त्याआधी खेड्यात रात्र काढलेली नसते. पहिल्या सकाळी सामुदायिक वैद्यकाची ज्येष्ठ मंडळी त्यांच्या हाती कोरे फॉर्म आणि वजनकाटा देतात आणि गल्लीच्या तोंडाशी सोडतात. कोणत्या घरापासून सुरुवात करायची हे गावची अंगणवाडीताई सांगते.